रुम्बातली मधली जागा

मंगळवार, दिवे लागल्यानंतर

आज खोकला आला नाही. न्यूमोनियानंतर हार्मोनिकावर, म्हणजे माझ्या माउथ ऑर्गनवर, आख्खी फेरी पहिल्यांदाच वाजवली, आणि अजून ते खरं वाटत नाहीये.

शाळेपासूनचा मित्र इक्बाल कापडाचं दुकान लवकर बंद करून गिटार घेऊन आमच्या गच्चीवर आला होता. ब्लूज या अमेरिकन संगीताची जुनी चाल मला आता झेपत नाही. त्यात सतत श्वास आत ओढून सूर काढावे लागतात आणि दम संपतो. म्हणून त्यानेच रुम्बा सुचवला. तीन, तीन, दोन असा झुलणारा ठेका. पण त्यातल्या रिकाम्या जागाही मी घाईघाईने सुरांनी भरून टाकायचो आणि मध्येच खोकायचो.

"इतकी जल्दी कसली रे?" इक्बाल आज म्हणाला. "मधली जागा खाली सोड. तिथे मी आहे ना. तू आरामात श्वास घे."

ती मधली जागा. मी तिला इतका का घाबरत होतो? एकदा गप्प झालो तर पुन्हा सुरूच होणार नाही, असं वाटायचं का? आज सोडली. दोन सूर, मग नुसता वारा, मग पुन्हा सूर. भरतीच्या पाण्यावर होडीत बसल्यासारखं अंग हलत होतं. किती वेळ गेला कोण जाणे.

थांबलो तर जिन्याच्या दारात माझी बायको सुनंदा उभी. आजारपणापासून तिने मला हार्मोनिका वाजवायला मनाई केली होती, म्हणून ती घरी नसताना आम्ही चोरून वाजवायचो. वाटलं, आता रागावणार.

ती पायरीवर बसली. म्हणाली, "थांबलात का? वाजवा की."

इक्बालने पुन्हा ठेका धरला.