गार म्हटलेली राख

सोमवार, ४ मार्च

पुन्हा पेटलं. तिसऱ्या टेकडीची उत्तरेकडची बाजू — काल दुपारी मी स्वतः गार म्हणून सोडलेली. महिन्यात दुसऱ्यांदा.

साहेबांनी फोनवर विचारलं, "तुम्हीच तपासलं होतं ना?" म्हटलं, "हो, मीच. हाताने." ते म्हणाले, "मग झालं," आणि फोन ठेवला. हे 'मग झालं' कौतुकाचं होतं की टोमण्याचं, सकाळपासून ठरवतोय.

मनाशी पुन्हा पुन्हा उजळणी करतोय. वणवा आटोक्यात आला, रांग लावली. मी सगळ्यांत पुढे. उजव्या हातातला मोजा काढला. हाताची पाठ आधी राखेवर धरली, मग राखेत घातली. बुंध्यांच्या खाली, दगडांच्या कडेला, मुळांच्या खळग्यात. धग लागली नाही. 'गार' म्हटलं, मागचे आठ जण पुढे सरकले. चौदा वर्षं हेच करतोय. धूर दिसत नाही म्हणून भुलू नकोस, हात लाव — माझ्या आधीच्या प्रमुखांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. चौदा वर्षांत मी गार म्हटलेली राख कधी उठली नाही. आता महिन्यात दोनदा उठली. राख आपोआप बदलत नाही. कुणीतरी उद्योग करतंय.

एक गोष्ट लिहून ठेवतो, बोलणार कुणाशीच नाही. दोन्ही वेळा शेपूट माझ्या मागे नव्हता.

शेपूट म्हणजे तुकडीतला माझ्या खालचा माणूस. बारा वर्षं रांगेत शेवटी चालतो, म्हणून शेपूट. नावही त्याचं त्यानेच ठेवलेलं. पहिल्यांदा पेटलं तेव्हा तो रजेवर होता — बहिणीकडे. बहिणीचं घर त्याच टेकडीच्या पायथ्याशी. आणि काल मी त्याला गाडी घेऊन डिझेल आणायला पाठवलं होतं. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लावला. टायर बसलं होतं म्हणे.

बसलं असेलही.

गुरुवार, ७ मार्च

गवताची आग, लहानशी. जंगलाच्या कडेला नेहमीसारखे हात जोडले आणि आत गेलो. दुपारपर्यंत संपलं. मी तपासून पुढे गेलो, पण कुऱ्हाड विसरली म्हणून मागे फिरलो, तर शेपूट एकटाच गुडघ्यांवर बसलेला. दोन्ही मोजे काढलेले, हात कोपरापर्यंत राखेत.

"काय रे?"

दचकून उठला. "काही नाही प्रमुख. बुटाची नाडी सुटली होती."

नाडी बांधायला कुणी कोपरापर्यंत राखेत हात घालत नाही.

परत आल्यावर त्याच्या पाठीवरचा पाण्याचा पंप उचलून बघितला. रिकामा! गार राखेतून चालणाऱ्याला पाणी कशाला लागतं? म्हणाला, "गळतोय. वायसर गेलंय." मी पंप काठोकाठ भरून खुंटीला टांगून ठेवलाय.

शुक्रवार, ८ मार्च

पंपाखालची फरशी कोरडी. एक थेंब गळलेला नाही.

शनिवार, ९ मार्च

तुकडीची वर्षाची तपासणी. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर बरीच वर आहे. टाचेला मोठा फोड होता, तो त्यांनीच दाखवला. "हा दुखला नाही तुम्हाला?" म्हटलं, डोंगर चढणाऱ्याच्या टाचेला फोड नसेल तर कुणाच्या असेल? ते हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात सविस्तर तपासणीला या म्हणाले. ऐन वणव्याच्या दिवसांत कुठला वेळ?

पण लिहायचं ते दुसरंच. सदरा घालून बाहेर आलो, तर मी अजून पडद्याआडच आहे असं समजून शेपूट डॉक्टरांच्या दाराशी उभा राहून हळू आवाजात बोलत होता. मला बघितलं आणि दोघेही गप्प. डॉक्टरांनी कागद चाळायला घेतले. गाडीत विचारलं, काय बोलत होतास. "माझ्या पाठीचं," म्हणाला.

पाठीचं बोलताना कुणी मला बघून गप्प कशाला होईल?

मंगळवार, १२ मार्च

आज चढाच्या तोंडाशी सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रमुख, आज पुढे मी चालतो. तुम्ही दमलाय, मागून या. राख मी बघतो."

मी काही बोलायच्या आत आमचा वकील बोलला. वकील म्हणजे करवत चालवणारा. प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो. म्हणाला, "बघा, शेपटाला डोकं व्हायचंय."

सगळे हसले. शेपूट हसला नाही. "डोकं नको रे बाबा मला," म्हणाला, "डोक्याला टोपीचं ओझं." मग माझ्याकडे बघत राहिला, हो म्हणायची वाट बघत. मी पुढे चालू लागलो.

आता धागा लागतोय. मी गार म्हटलेलं पेटलं की नाव माझं जातं. माझं नाव गेलं की पुढे कोण चालणार? अन् डॉक्टरांना माझ्याविरुद्ध आधीच सांगून ठेवलंय.

संध्याकाळी नामस्मरणाला बसलो. मन नामात नव्हतं, त्याच्या रिकाम्या पंपात होतं.

बुधवार, १३ मार्च

त्याचं जाकीट खिळ्यावरून पडलं, मी उचललं. खिशातून घडी घातलेला नकाशा बाहेर आला. आमच्याच हद्दीचा. त्यावर पेन्सिलीने फुल्या — अकरा. अकराही जागा या हंगामात मी गार म्हणून सोडलेल्या. आणि अकरांतली एकही अजून पेटलेली नाही.

म्हणजे या पुढच्या जागा!

नकाशा होता तसा ठेवला.

घरी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, हात थांबला. "अहो, आपली पोर कड्यावरून पडली तेव्हा पाठुंगळी घेऊन तीन मैल उतरला तो. असा माणूस एका दिवसात फिरत नसतो."

म्हटलं, मग कोण फिरलंय?

"ते मी कशाला बोलू," म्हणाली आणि भाजी निवडू लागली. तिलाही आता माझ्यापेक्षा त्याचं पडलंय.

रविवार, १७ मार्च

काय लिहू. वकील भाजला.

दोन दिवसांचा मोठा वणवा. आज राख तपासताना शेपटाला मी पुढे घेतलं, माझ्या शेजारी, नजरेखाली. शेवटी वकिलाला लावलं. शेपूट दोनदा म्हणाला, "मी मागेच बरा आहे प्रमुख." मी म्हटलं, आज नाही. सगळा उतार तपासत गेलो. गार, गार, गार. तासाभराने मागून ओरडणं ऐकू आलं. मी हात लावून सोडलेला एक बुंधा भडकला होता. वकील त्याला पाठ करून करवतीची साखळी ताणत बसलेला. डावा हात, मान, कान.

सगळ्यांच्या आधी शेपूट पोचला. वकिलाला लोळवून विझवलं, खांद्यावर घेतलं, रस्त्यापर्यंत नेलं. मग माझ्याजवळ येऊन एवढंच बोलला — "मला मागे राहू द्यायला हवं होतं."

धमकी होती ती. मागे ठेवलं नाहीस तर असं होईल, अशी. पुढे होता म्हणून काय झालं? सकाळी आग अडवायला जाळरेषा खणताना त्या बुंध्याजवळून गेलाच होता की.

सोमवार, १८ मार्च

साहेबांना लिहून दिलं. रजेचा दिवस, डिझेलचा दीड तास, नाडी, पंप, डॉक्टर, नकाशा. दोन पानं. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, रागाच्या भरात कागदाला पेन लावू नये. आज लावलं. जाणूनबुजून वणवा लावणं म्हणजे तुरुंग, हेही मला ठाऊक आहे. तरी पेन लावलं.

साहेबांनी त्याला तिथल्या तिथे घरी बसवलं. सत्तावीस तारखेला चौकशी.

टोपी आणि पंप जमा करायला आला होता. सगळे बाहेर निघून गेले, दोघेच उरलो.

"प्रमुख, मी काही पेटवलेलं नाही."

"मग मागे राहून काय करायचास?"

त्याने टोपी टेबलावर ठेवली. "ते माझ्या तोंडून नको. बारा वर्षं तुमच्या मागून चाललोय, तुमच्यावर बोट नाही दाखवायचं मला. तुम्ही त्या डॉक्टरांकडे जा एकदा. एवढं ऐका."

म्हणजे मला वेडा ठरवायचा बेत आहे. मी म्हटलं, पंपाचं वायसर बदललंस का? त्याने पंप खुंटीला टांगला आणि गेला.

शुक्रवार, २२ मार्च

एका दिवसात चार ठिकाणी पेटलं.

चारही सोमवारनंतर मी तपासलेली. दोन वर्षांपूर्वी लावलेली रोपं गेली, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. आणि शेपूट सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत साहेबांच्या कचेरीत जबाब देत बसला होता. शिपाई, कारकून, स्वतः साहेब — सगळे साक्षीला.

मग कोण?

घरी परतताना गाडीत एकेकाकडे बघत होतो. गाडीवाला शीळ घालत होता, मी बघितल्यावर थांबला. का थांबला? पंपवाले दोघे एकमेकांना कोपरं मारत होते. कुणी माझ्याशी बोलेना. उतरताना एक जण मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "शेपूट होतं तोवर डोकं ठिकाणावर होतं."

देवा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागतो. जो कोणी आहे तो मला दाखव. अगदी माझ्या घरातला असला तरी दाखव.

रविवार, २४ मार्च

दाखवलं नाही. जेवणावर वासना नाही. हिच्याशीही धड बोललो नाही.

मंगळवार, २६ मार्च

इस्पितळात गेलो. वकिलाची मान बांधलेली, पण तोंड सुरू. कान अर्धा गेलाय. म्हणाला, "बरंच झालं, बायकोचं आता निम्मंच ऐकू येईल." मला हसता आलं नाही.

मग म्हणाला, "प्रमुख, तुमचा कागद मला पटलेला नाही. शेपूट मागे असता तर मी भाजलो नसतो."

म्हटलं, कशावरून?

"तो तुमच्या मागून पुन्हा हात लावत यायचा ना. जिथे चटका बसेल तिथे पाणी ओतायचा. आम्हाला वाटायचं, तुम्हीच सांगितलंय. एकदा पाहावं, मग पुन्हा एकदा पाहावं, असं."

मी असलं काही सांगितलं नव्हतं.

म्हणजे इतके दिवस माझं काम माझ्या पाठीमागे तपासलं जात होतं! कुणाच्या सांगण्यावरून? साहेबांच्या? आणि पुन्हा तपासल्यावर तिथे चटका बसतो म्हणजे काय? मी सोडल्यानंतर पाच मिनिटांत गार राखेत विस्तव आला कुठून? त्यानेच टाकला असेल, विझवून दाखवायला. टाकला असेल, विझवला असेल, फुली मारली असेल. असंच असलं पाहिजे.

असंच असलं पाहिजे हे वाक्य चार वेळा लिहून खोडलं. नीट बसत नाही. भाजला त्या दिवशी तो माझ्या शेजारी होता. चार ठिकाणी पेटलं तेव्हा कचेरीत होता.

उद्या दहाला चौकशी. वाचून दाखवायचं निवेदन लिहून ठेवलंय. हिने विचारलं, "वाचणार तेच?" म्हटलं, तेच.

बुधवार, २७ मार्च, सकाळी

आंघोळीला पाणी काढलं. उजव्या हाताची पाठ बुडवून बघितली. कोमट वाटलं. तांब्याभर खांद्यावर घेतलं आणि ओरडलो. ही धावत आली. "अहो, ते आत्ता चुलीवरून उतरवलंय, गार पाणी कुठे मिसळलंत?"

डावा हात घातला. क्षणात बाहेर ओढला. उजवा पुन्हा घातला. तिने मनगट धरून ओढून काढला तेव्हा लाल झाला होता. मला कोमटच.

अकरा फुल्या. अकरा ठिकाणी मी गार म्हटलं आणि त्याने पाणी ओतलं.

निवेदन घरी ठेवतोय. हात घेऊन जातोय.