मुत्तूसाठी कसाई हवा

१ जुलै
जाहिरात टाकून दोन दिवस झाले. पांढरा घोडा, आठ वर्षांचा, वरातीत आणि बीचवर चाललेला. खाली मुद्दाम लिहिलंय : माणसाला लाथ मारलेली आहे. तरी मेसेज थांबत नाहीत. निम्मे नुसतेच 'लास्ट प्राइस?' ना नमस्कार, ना चमत्कार. यांना इथे ला.प्रा. म्हणणार, तेवढीच शाई वाचेल.

एका बाईनं विचारलं, गूळ आवडतो का त्याला? बाद. कॉलेजच्या एका पोरीनं लाल बदाम पाठवलेत. बाद, बाद, बाद. मुत्तूचे लाड करणारा मला नकोच आहे. मला त्याचं हाड न् हाड खिळखिळं करणारा पाहिजे.

दिन्या आत पडलाय. जबडा तारेनं बांधलेला, डावा डोळा गेला. माझा धडधाकट भाऊ स्ट्रॉनं नाचणीची कांजी ओढतो, ती हनुवटीवरून गळते, मी पुसते. आज पुसून झाल्यावर मागच्या शेडमध्ये गेले आणि बादली फेकून मारली मुत्तूला. मानेवर लागली. हललासुद्धा नाही मेला.

३ जुलै
दिन्याला बोलता येत नाही. आतल्या खोलीतून मला फोनवर लिहितो. आज परत तेच : 'मी काहीच केलं नव्हतं ताई. पाणी ठेवायला गेलो आणि त्यानं लाथ मारली.'

आई गेली तेव्हा हा रांगत होता. अण्णा सोनं गाळायला विट्याहून इकडे तमिळ मुलखात आलेले, दिवसभर भट्टीपुढे. याला मी वाढवलं. मोठा झाल्यावर म्हणाला, भट्टी नको, घोडा घेतो, इथल्या कोवलमच्या बीचवर पोरं फिरवतो. अण्णा भडकले. घेऊ दे म्हणाले ती मीच.

येताना बसमध्ये लोंबकळत मेसेज वाचले. टी. नगरच्या दागिन्यांच्या काउंटरवर जन्म गेला माझा, गिऱ्हाईक एका वाक्यात कळतं. दात विचारतो तो दलाल. फोटो मागतो तो हौशी. पोराच्या वाढदिवसाला हवाय म्हणतो तो महिन्यात कंटाळणार. नुसता कंटाळणारा काय कामाचा?

६ जुलै
आज एका आजींचा मेसेज. तंजावरकडच्या, भाषा अगदी पोथीतली. 'घोडा मजकडे आणिल्यास उपकार होतील. आमचे घरीं पूर्वीं घोडीं होतीं. तो कशास भितो, तें मात्र आधीं कळवावें.'

कशास भितो? हा भितो? गल्ली भिते याला! टाके घालणारा डॉक्टर एक्स-रे बघून हादरला! संतापानं फोन भिंतीवर मारला, काच तडकली. उत्तर देणार नाही म्हातारीला.

९ जुलै
सापडला!
सेल्वम, अंबत्तूरकडचा. तमिळमध्ये लिहिलंय, 'लाथ मारतो? बरं झालं. उपाशी ठेवतो, डोळे बांधतो, तिसऱ्या दिवशी पाय चाटायला लागतो. असे चार मोडलेत.' ना ला.प्रा., ना फोटो. पोटात गार वाटलं वाचून. देवापुढे साखर ठेवली. कशासाठी ठेवली, देव जाणे.

दिन्याला दाखवलं. एका डोळ्यानं बराच वेळ वाचत राहिला. मग अंगठा पाठवला. सेल्वमला म्हटलं, रविवारी ये बाबा.

१३ जुलै, रविवार
जसं घडलं तसं लिहिते.

सेल्वम आला. वेताची छडी घेऊनच. मला म्हणाला, 'अक्का, लांब उभ्या राहा.' आधी मुत्तूचा वरचा ओठ पिळला, मग छडी नाकाडावर, मग गुडघ्यांवर. सटासट. रक्त आलं. मी कंबरेवर हात ठेवून उभी. मार, अजून मार. मनात नाही, तोंडानं म्हणत होते मी.

मुत्तू उभाच. कातडी थरथरत होती, पण एक पाय उचलला नाही त्यानं. छडी मोडली तरी नाही. मला उलट रागच आला. माझ्या भावाला मारताना बरा जोर होता?

सेल्वम म्हणाला, दोरीनं नाही भागायचं, साखळी आहे का? दिन्याच्या सामानाच्या कोपऱ्यात बोटीच्या साखळीचा तुकडा दिसला, तो मी उचलला. खळ्ळ वाजलं.

एवढंच. मुत्तू किंचाळला. घोडा असा किंचाळतो हे मला माहीत नव्हतं. मुतला जागेवर, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, खुंटा उपटला, सेल्वमला भिंतीवर चेपलं. मनगट मोडलं त्याचं, हाड बाहेर. मी साखळी टाकली तेव्हा कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहिला.

सेल्वम शिव्या घालत रिक्षात बसला. वर म्हणतो कसा, 'मी काहीच केलं नव्हतं अक्का! मंगळवारी चार माणसं आणि टेम्पो घेऊन येतो. आता तर नेणारच.'

काहीच केलं नव्हतं.
तुटकी छडी माझ्या पायाशी पडलेली.

१४ जुलै
कामावर गेले नाही. सकाळी उजेडात साखळी बघितली. कड्याकड्यांत पांढरे केस अडकलेत. काही मुळासकट. मुत्तूच्या पोटाखाली हात घातला, फोटोत दिसत नाही तिथे. जुने व्रण, त्यांच्यावर नवे. रोज खरारा दिन्याच करायचा, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. मला वाटायचं, किती जीव आहे पोराचा.

पाणी ठेवायला गेला होता म्हणे.

त्या तारेनं बांधलेल्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. त्याच तोंडात मी घास भरवलेत. ओट्याला धरून रडले.

साखळीचा फोटो काढून त्याला पाठवला. खाली लिहिलं, 'हे काय आहे दिन्या?' तो लिहायला लागला. थांबला. परत लागला. भिंतीपलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. मग आलं :

'जागेवर ठेव.'

तीनदा वाचलं. काउंटरवर असला माणूस मी एका वाक्यात ओळखला असता.

संध्याकाळी आजींना लिहिलं, 'उशीर झाला, माफ करा. तो साखळीला भितो. जमलं तर सकाळी लवकर त्याला न्यायला या.' अजून पाहिलेलं नाही त्यांनी. सेल्वमचा टेम्पो उद्या येणार. साखळी माझ्या मांडीवर आहे.

दिन्या आतून भिंतीवर ठोकतोय. कांजीची वेळ झाली. माझा पाय उचलत नाही.