व्हॅनची थरथर

३ फेब्रुवारी

आज पुन्हा सिग्नलला बंद पडली. मागे पावाचे क्रेट, चहूबाजूंनी हॉर्न, आणि मी चावी मारत बसलोय. मागच्या बसवाल्याने माझ्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला. मीही त्याच्या खानदानाचा केला. इंजिन शेवटी खोकत खोकत सुरू झालं, पण हॉस्पिटलच्या किचनला पाव पोचेपर्यंत नाश्त्याची वेळ टळून गेली होती. किचनचा प्रमुख दारातच उभा. ‘पेशंटना काय सांगू, तुमच्या गाडीला ताप आलाय म्हणून? असंच चाललं तर मी दुसरा माणूस बघतो.’

बघेलही. त्याचं काय चुकलं? हे काम गेलं की मी घरी बसणार. दादाला काय! त्याची याच गाडीवर संध्याकाळची लॉन्ड्रीच्या गठ्ठ्यांची फेरी. चादरी उशिरा पोचल्या म्हणून कोणी उपाशी राहत नाही.

४ फेब्रुवारी

बंद पडली नाही. पण नुसती थरथर. आरसा असा हलतो की मागची एक गाडी दोन दिसते.

६ फेब्रुवारी

दुपारी बॉनेट उघडून बसलो. प्लग काढले — सगळे काळेकुट्ट, काजळी धरलेले. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी. प्लग घासले, एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटरचे स्क्रू जरा जरा फिरवत नीट बसवले. पाठीचा काटा ढिला झाला. पण मग इंजिन असं लागलं! दूध पिऊन झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरायला लागलं. स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, जागचा हलला तर कळावं म्हणून. बाटली हिची. हिला सांगितलेलं नाही.

७ फेब्रुवारी

ठिपका तुटलाय. स्क्रू फिरवलेला. गाडी पुन्हा थरथरतेय.

स्क्रूला काही पाय फुटत नाहीत. काल संध्याकाळी गाडी कोणाकडे होती? दादाकडे.

आईला म्हटलं, ‘त्याला सांग, इंजिनला हात लावायचा नाही.’ ती भाजी निवडत होती. ‘सांगते हो,’ म्हणाली. दादाचं आणि माझं सगळं असं आईमार्फत. गाडी तिच्या अंगणात, चावी तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. दादा तिच्याजवळ राहतो, मी दोन गल्ल्या सोडून. सकाळी गाडी माझी, संध्याकाळी त्याची, म्हणजे तोंड बघायची वेळच येत नाही. बाबांनी गाडी दोघांच्या नावावर केली तेव्हा कौतुकाने म्हणाले होते, भांडू नका रे. आम्ही भांडत नाही. बोलतच नाही!

संध्याकाळी आईला विचारलं, काय म्हणाला? ‘बरं म्हणाला.’

८ फेब्रुवारी

बरं कसलं, डोंबलाचं! पुन्हा तेच.

१० फेब्रुवारी

गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने सगळं पुन्हा जुळवलं. चालू इंजिनवर पाण्याचा ग्लास ठेवून दाखवला — पाणी हललं नाही. मग खाली वाकला आणि वैतागला. ‘अहो, स्टार्टरचे दात खाल्लेत. चालू गाडीला चावी मारता का तुम्ही?’ मी मारत नाही म्हटलं. ‘मग कोणीतरी मारतंय. लहान मुलं खेळतात का गाडीत?’

हो. चांगलं पन्नाशीचं मूल आहे.

११ फेब्रुवारी

आज सकाळी हॉस्पिटलच्या फाटकातच बंद पडली. मागे ॲम्ब्युलन्स. वॉचमन आणि मी मिळून गाडी ढकलली. किचनचा प्रमुख नुसतं म्हणाला, ‘अजून एकदाच.’ तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारभर डोकं भणभणत होतं. हा माणूस मुद्दाम करतोय. माझं काम जावं, मी कंटाळून हिस्सा सोडावा आणि गाडी एकट्याच्या घशात जावी. दुसरं काय असणार? याच्याकडून कसली अपेक्षा! गेल्या वर्षी हिला कळा सुरू झाल्या त्या दिवशी मी धावत त्याच्याकडे गेलो होतो. तो नळाशी पाठमोरा, बादली भरत होता. म्हटलं, दादा, आजची पावाची फेरी तेवढी कर, हिला न्यायचंय. त्याने बादली उचलली आणि आत निघून गेला. हूं नाही की चूं नाही! मी कोणासमोर हात पसरत नाही. त्या दिवशी पसरला, आणि ही किंमत झाली. शेजारच्या काकूंनी हिला नेलं. मी पाव वाटत फिरलो. लेकीचा पहिला आवाज मी ऐकला नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही आणि बोलणारही नाही.

उद्या याला रंगेहाथ पकडतो. काय काय बोलायचं ते आत्तापासून मनात जुळवून ठेवलंय.

१२ फेब्रुवारी

पकडला!

दुपारी इंजिन स्वतः लावून ठेवलं, अगदी मिस्त्रीने दिलं होतं तसं, आणि आईच्या घराच्या मागच्या दाराआड उभा राहिलो. दादा आला. चावी फिरवली. इंजिन एका फटक्यात सुरू, काय सुंदर चाललं होतं! हा डॅशबोर्डवर तळवा ठेवून बसला. आणि पुन्हा चावी मारली! चालू गाडीला! दात असे करकरले की माझ्या अंगावर काटा आला. मग उतरला, बॉनेट उघडलं, एक हात इंजिनवर ठेवून दुसऱ्याने स्क्रू फिरवत राहिला. गाडी थडथडायला लागल्यावर थांबला. वर मान डोलावली, जसं काही फार मोठं काम झालं.

मी मागे जाऊन उभा राहिलो आणि सुटलो. चोर म्हटलं. कपाळकरंटा म्हटलं. बाबांचं नाव काढलं. जे बोलू नये तेही बोललो. भिंतीशी बोलतोय जसा! हा मन लावून फडक्याने हात पुसतोय. इतका निगरगट्ट माणूस मी जन्मात पाहिला नाही. मग फडकं ठेवायला वळला, मला बघून दचकला आणि चक्क हसला. म्हणतो कसा, ‘अरे, कधी आलास?’

माझा हात उठला होता. कसाबसा आवरला आणि निघून आलो. गाडी विकायची. बस्स. उद्या आईला तसं सांगणार.

१३ फेब्रुवारी

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाली, ‘त्याला ऐकू येत नाही रे. दीड-दोन वर्षं झाली असतील. आता तर अगदी कानाशी ओरडलं तरच. लायसन जाईल म्हणून शपथ घातली त्याने मला. गाडी हलली नाही तर ती चालू आहे की बंद, त्याला कळत नाही. तुझे निरोप मी दिलेच नाहीत. ओरडून दिले असते तर सगळ्या आळीला कळलं असतं.’

संध्याकाळची फेरी आज मी केली. उद्याही मीच करणार. त्याला आता गाडी चालवू देता येणार नाही. हे त्याला सांगायला हवं — समोर उभं राहून, सावकाश, त्याला माझे ओठ दिसतील असं. हा निरोप आईकडे देऊन चालणार नाही.