माझे सामान परक्यांच्या घरी जावे म्हणून

मी, डेलिया रूथ हॅकेट, वय तेवीस, राहणार टॅनर्स फोर्ड, केंटकी, आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक कोपरा मोकळा करून हे माझे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. बिघाड आहे तो हृदयात. येत्या मंगळवारी शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया आहे आणि डॉक्टर “आशा ठेवा” म्हणाले, ते माझ्याकडे न बघता. आमच्या घरात कॉलेज पुरे केलेली मी पहिलीच, त्यामुळे घरातले सगळे कागद मीच लिहिते. हाही लिहिते.

कलम १. माझ्या मालकीची एकही वस्तू माझी आई नोरीन हॅकेट हिच्याकडे जाऊ नये.

हे वाचून मला कोणी कृतघ्न म्हणण्याआधी आमचे घर पाहावे. वडील गेले, त्यांचे सगळे राहिले. माझा भाऊ वेस्ली नदीत बुडाला, त्याचे सगळे राहिले. आता जिन्यावरून एका अंगानेच चढता येते. उन्हाळा संपेपर्यंत घर मोकळे झाले नाही, तर राहण्यास अयोग्य ठरवून कुलूप लावू, अशी नगरपालिकेची नोटीस आली आहे. मी गेले आणि माझीही खोली तशीच जपली गेली, तर आईला डोक्यावर छप्पर उरणार नाही. म्हणून माझे सर्व सामान एका शनिवारी अंगणात मांडून परक्यांना विकावे. वडिलांच्या आणि वेस्लीच्या सामानावर माझा हक्क नाही, ते मी कोणाला देऊ शकत नाही. फक्त हात जोडते: तेही त्याच दिवशी, त्याच टेबलांवर यावे.

कलम २. हे काम ओपल मावशीने करावे. आईने करू नये.

मागच्या वर्षीही आम्ही विक्री लावली होती. एका बाईने वेस्लीचे निळे जॅकेट उचलले, अंगाला लावून पाहिले. आई खुर्चीतून म्हणाली, “त्या दिवशी हेच घरी विसरला होता तो. नदीवर गारठा असतो गं, कितीदा सांगितलं होतं त्याला.” बाईने जॅकेट हळूच परत ठेवले, आईला मिठी मारली आणि निघून गेली. दिवसभर हेच चालले. संध्याकाळी जेवढे बाहेर काढले होते तेवढेच आत आले, आणि वर शेजारणीने सहानुभूतीने दिलेला एक दिवा.

कलम ३. म्हणून प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवावी. सुटी बशीसुद्धा सोडू नये. चिठ्ठी नसली की माणूस विचारतो, आणि विचारले की आई सांगते.

कलम ४. मांडणी. गवत कापायचे यंत्र, मासे धरायचे गळ, हत्यारे रस्त्याच्या कडेला. ती दिसली की पुरुष गाडीचा वेग कमी करतात. कपडे ढिगात नकोत, दोरीवर टांगावेत, बाह्या मोकळ्या सोडून. जमिनीवर काही ठेवू नये, वाकून बघायला कोणी थांबत नाही. टेबले कमी पडली तर माझ्या खोलीचे दार काढून दोन पिंपांवर आडवे टाकावे. बश्या जेवायला मांडल्यासारख्या मांडाव्यात. दिव्याला लांब वायर जोडून तो भर दुपारीही पेटता ठेवावा. जिथे टवका उडाला असेल ती बाजू वर ठेवावी. फसवून काही खपवू नये. माझी पुस्तके विकू नयेत. मुलांचा हात पोचेल अशा खोक्यात ठेवून ‘घेऊन जा’ असे लिहावे. पुस्तक दुसऱ्याच्या घरी गेले तर तिथे काहीतरी बदलते यावर माझा अजून विश्वास आहे.

कलम ५. हर्शेल टिबेट यास सकाळी आठच्या आधी अंगणात पाय ठेवू देऊ नये. हा गृहस्थ उजाडण्याआधी विजेरी घेऊन येतो आणि लोकांचे डोळे उघडायच्या आत चांगले ते उचलून आपल्या दुकानात दुप्पट किमतीला लावतो. वडील हयात असताना एका विक्रीत त्यांचे व्हायोलिन त्याने असेच नेले. त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, सवलत तर नाहीच.

कलम ६. चार वाजता जे उरेल ते ‘फुकट’ अशी पाटी लावून रस्त्याकडेला ठेवावे. घरात काहीही परत नेऊ नये. काहीही.

इथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीदार आले. त्यांच्यासमोर मी हे आईला वाचून दाखवले. ती भांडी पुसत होती.

शेजारचे मर्ल टॅकेट वातावरण हलके करायला म्हणाले, “नोरीन, त्या गवताच्या यंत्रावर माझं नाव आत्ताच घालून ठेवतो बरं का.”

“गप्प बैस, मर्ल. सुरू तरी होतं का ते!” मग माझ्याकडे वळून, “तू गेल्यावर मी तुझं एक बटणही विकणार नाही. ओपलला तर दारातही येऊ देणार नाही मी.”

“मग घर जाईल, आई.”

“जाऊ दे.”

“तू कुठे राहशील?”

तिने तीच बशी पुन्हा पुसायला घेतली. मग म्हणाली, “विकायचंच असेल तर परवा विक. तू तिथे उभी असताना. वेस्लीचं मी स्वतः बाहेर काढते. मला गोष्टी सांगू द्यायच्या नसतील तर तोंडावर हात ठेव माझ्या. पण तू असताना गं. नंतर माझ्याच्याने नाही व्हायचं.”

कलम ७. वरीलप्रमाणे बदल. विक्री माझ्या मृत्यूनंतर न होता परवा, शनिवारी होईल. मांडणी कलम ४ प्रमाणेच, पण मी स्वतः करीन. जड वस्तू मर्ल उचलतील. मंगळवारी माझ्या नावावर देण्याजोगे काही उरणार नाही. इस्पितळात जाताना मी जे कपडे घालून जाईन, तेवढे परत आले, तर ते मात्र आईने ठेवावे.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, दोघा साक्षीदारांसमोर वाचले आणि सही केली.

डेलिया रूथ हॅकेट

साक्षीदार:
१. मर्ल टॅकेट, शेजारी
२. कॉन्स्टन्स बेरी, ग्रंथपाल

टॅनर्स फोर्ड, केंटकी
गुरुवार, १४ जून २०१२