दहा पिसं, अकरा पिसं

आप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी आज भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तुम्हाला लिहायला बसलोय. खुळाच झालोय म्हणा. पण जिवंत माणसाला सांगायची छाती नाही, आणि सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती ना, त्या तुमच्या नातीचं मी वाटोळं केलंय. रविवारी ती पुण्याला निघालीय, कुठल्याशा शोरूमच्या काउंटरवर बसायला. पॉलिशच्या कामाला परत हात लावणार नाही म्हणते. तुमच्या-माझ्यापेक्षा बरा हात आहे हो तिचा! आणि ती आता खुर्चीत बसून लोकांना टोकन देणार.

आपलं सोलापुरातलं, शुक्रवार पेठेतलं स्वयंपाकघर आठवतं. जुन्या मोटारींच्या नाकावरचे पितळी बिल्ले तुम्ही घरी आणायचात आणि आईच्या डब्यातली चिंच संपवायचात. आई करवादायची, "आता आमटीत काय तुमचे पंख घालू?" कारण बहुतेक बिल्ल्यांना पंखच असायचे. चाकाला पंख, बाणाला पंख, नुसत्या इंग्रजी अक्षराला पंख. मी सात-आठ वर्षांचा असेन. मी विचारतो, मोटार तर रस्त्यावरनं पळते, मग हिला पंख कशाला? तुम्ही अंगठ्यानं चिंच चोळत म्हणता, "काय जणांनी आदी इमानाची इंजिनं केली, मग मोटारी. त्येंनी ती आठवण ठिवली. काय जणांनी लई जोरात पळती म्हनून सांगायला लावले. आन् काय जणांची निस्ती हौस. कुनाची का असंना, आपुन फकस्त मळ काढायचा." पुढं सोळाव्या वर्षी मी एक बिल्ला पॉलिशच्या फिरत्या चाकावर, बफवर, इतका वेळ धरला की पिसांच्या रेघाच गेल्या. तुम्ही मारलं नाहीत. बिल्ला उलटासुलटा करून म्हणालात, "ह्यो पंख ऱ्हायला न्हाय, उलथनं झालं की रं." त्या दिवसापासून तुम्ही नियम घातला. हात लावायच्या आधी बिल्ल्यावर कागद ठेवायचा, पेन्सिल घासायची, छाप घ्यायची. तुम्ही होतात तोवर मी तो पाळला. मग म्हटलं, आता कोण बघतंय. पोरीनं मात्र माळ्यावरनं तुमची जुनी फाईल काढली आणि पुढं चालू ठेवली.

दिवाळीनंतर माळशिरसकडचे एक मालक आले. आजोबांची जुनी मोटार दुरुस्त करून पुन्हा उभी करतायत, तिचा पंखांचा बिल्ला होता. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे काम पोरीकडंच द्या, मिस्त्री." माझ्याच दुकानात! खरं सांगतो आप्पा, तिथंच माझं डोकं फिरलं. बाप असून जळलो. तिनं छाप घेतली, जुना मुलामा उतरवला. मी पिसं मोजली तर एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला अकरा. मी म्हटलं, कुणा अडाण्यानं एक रेघ घालवलीय, घालून टाकू. ती म्हणाली, "नका पप्पा, ते मुळातच तसं हाय. रेघांची जाडी बघा की." मी म्हणालो, "मला शिकवतीस व्हय?" दोन दिवसांनी ती मावशीकडं होटगीला गेली. मी छिन्नी घेतली आणि दहाच्या बाजूचं रुंद पीस मधोमध चिरलं. अकरा आणि अकरा. वर मुलामा चढवला आणि बिल्ला उन्हात धरून स्वतःवरच खूश झालो.

मालक न्यायला आले तेव्हा ती परतली होती. त्यांनी बिल्ला घेतला, बोटानं पिसं मोजली, परत मोजली, आणि मटकन स्टुलावर बसले. म्हणाले, "अहो, या कंपनीच्या बिल्ल्यांची पिसं मुद्दाम कमीजास्त ठेवलेली असतात म्हणतात. नकली करणारा दोन्हीकडं सारखी करतो आणि तिथंच सापडतो. माझ्या आजोबांचा खरा बिल्ला खोटा करून ठेवलात. कुणी केलं हे?"

आणि मी म्हणालो, "पोरीनं. नवीन आहे, चुकली."

कसं आलं तोंडातून? रोज स्वतःला विचारतोय. ती तिथंच उभी होती, काखेत फाईल घेऊन. छापेचा एक कागद काढून दाखवला असता तर मी तिथंच उघडा पडलो असतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग फाईल आणखी घट्ट धरली आणि खाली मान घालून म्हणाली, "चुकलं काका. माफ करा." जुन्या मोटारीवाल्यांची दुनिया केवढीशी! महिन्याभरात सगळीकडं झालं, की सोलापूरच्या त्या पोरीकडं काही देऊ नका. तिच्या नावानं येणारे फोन बंद पडले. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, ताट भिरकावलं असतं, तरी बरं वाटलं असतं हो. जेवताना विचारते, "पप्पा, अजून अर्धी भाकरी वाढू?" आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटतं.

तुम्ही असता तर काय केलं असतंत? चिरलेलं पितळ सांधता येत नाही, ते मला कळतं. पण ती थांबेल, आप्पा. मालकांना खरं सांगितलं तर चार दिवसांत ते चारचौघांना सांगतील आणि ती थांबेल. "मी केलं" एवढंच तर म्हणायचंय. आरशासमोर म्हणायला गेलो, तर काच पुसत बसलो. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, आणि एका माणसासमोर लाज जाईल म्हणून मी पोटच्या पोरीला घालवतोय. आज शुक्रवार आहे. तिची बॅग कॉटवर उघडी पडलीय.

हा कागद तुम्हाला कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुम्ही उलट विचारणार नाही म्हणून तर तुम्हाला लिहितोय. एक तेवढं सांगायचं राहिलं. सकाळपासून मालकांना तीनदा फोन लावला. दोनदा रिंग जायच्या आतच कापला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला, म्हणाले, "बोला मिस्त्री." आणि मी विचारलं, "जेवण झालं का?"