रस्त्याकडच्या शेताचं मुखत्यारपत्र

फुकुओका

दाइ, माझ्या थोरल्या दादा,

तुला आणि आमा-बांना धाकट्या मेनुकाचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बांचा पाय खरंच किती दुखतो? फोनवर ते मला "काही नाही गं" एवढंच म्हणतात.

टोकियोच्या नेपाळी वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवलंय. आता रस्त्याकडचं शेत माझ्या वतीने तू विकू शकशील. आधी काठमांडूला परराष्ट्र खात्याचा शिक्का घे, मगच जमीन-नोंदणीच्या मालपोत कार्यालयात जा. जमिनीच्या मालकीचा मूळ दाखला, लालपुर्जा, आणि माझ्या नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत सोबत ने. पैसे बँकेतूनच घे. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी कोऱ्या कागदावर सही करू नकोस.

हे मी निघण्याआधीच करायला हवं होतं. कागद तयारही होता. पण निरोपाला दही-टिका लावताना फुपूआत्या ओरडली, "अगं, निघायच्या वेळी हे विकण्याबिकण्याचं काय काढलंस?" बा हसले, "राहू दे तिच्याच नावावर. बाईच्या नावामुळे नोंदणीची फी कमी लागली, आणि पोरीला परत यायला निमित्तही झालं." मी सही न करताच कागद बॅगेत ठेवला. आता माझ्या सहीवाचून शेत विकता येईना, आणि पैशांवाचून बांचं ऑपरेशन दशैंच्या सणापासून अडलंय.

सही करताना फार वाईट वाटलं. बांना सांग, शेत गेलं तरी मी येणार आहे. त्या कागदावर 'कायमचा पत्ता' म्हणून मी आपलंच घर लिहिलंय.

तुझी बहीण,
मेनुका