तीन नंबरचं विमान

२ ऑगस्ट १९८१, रविवार
फिजिक्स प्रॅक्टिकलच्या वहीत साठ पानं कोरी सापडली. आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. राग आवरणे. पहाटे पाचला उठणे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या दिवशी मारोतरावांकडे गोपिकाला मागणी घालणे.
कॉलेज मी सोडलं. कॉलेजने मला काढलं असं बाबा सांगत फिरतात, ते साफ खोटं. डेमॉन्स्ट्रेटर चुकत होता, मी त्याला ते सांगितलं आणि निघालो. जाताना दार आपटलं, काच फुटली. काच आधीचीच तडकलेली होती.

३ ऑगस्ट
साडेनऊला उठलो. सोमवारी सुरुवात सगळेच करतात. मंगळवारपासून.
मारोतरावांकडे गेलो. दोन घरं सोडून. घरात दोन माग, त्यांची दिवसभर खटखट. मी गेलो की गोपिका उठून आत जात नाही. तांदूळ निवडायचं सूप घेऊन समोर बसते आणि मी बोलतो ते ऐकते. पूर्ण विश्वास. तो देवाजी आला की मात्र झटकन माजघरात. देवाजी म्हणजे सदर भागातल्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करणारा, कानावर कायम पेन्सिल खोचलेला. त्याचं तोंडसुद्धा पाहायची तिला इच्छा नाही. मला मनातून वाईट वाटतं त्याचं. फार नाही.

४ ऑगस्ट, दुपार
मोठी बातमी. गोपिकाचे मामा, भैयाजी, मस्कतला असतात. ते सत्तावीस तारखेला येणार आणि नानूसाठी रिमोटवर उडणारं विमान आणणार. नानू हा गोपिकाच्या बहिणीचा, चंद्रकलाबाईंचा मुलगा, वय वर्षं सात. मामांनी रंगीत कॅटलॉग पाठवलाय, तीन विमानांवर खूण करून. यातलं कोणतं, ते कळवा म्हणे.
गल्लीत विमानाचं ज्ञान कोणाला? मला. एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी तीन महिने होतो. केस कापायला सांगितले म्हणून सोडली, नाहीतर आज मी कुठे असतो!
मारोतरावांनी विचारलं, "रेडिओवर चालते म्हणता, तर पोस्टात लायसन काढा लागते काय गा?" मी हसलो. देवाजी हसला नाही. "विचारून घेऊ काका," म्हणाला. लाळघोटेपणा.

५ ऑगस्ट
कॅटलॉगचा अभ्यास केला. तीन तास. (पैकी जेवण एक तास.)
एक नंबर: पिवळं, बटाट्यासारखं. अंग स्पंजासारखं, पंख डोक्यावर, पंखा मागे. एखाद्या म्हाताऱ्याने छत्री उघडावी तसं दिसतं. दोन नंबर: मधलंच काहीतरी. तीन नंबर: लाल, टोकदार, पंख खाली, अगदी लढाऊ. बघताक्षणी मी त्यावर बोट ठेवलं.
गोपिका माजघरातून म्हणाली, पिवळंच. तिची कसोटी एकच. नानूला काही दिलं की तासाभरात तो ते ओट्यावरून खाली टाकतो. त्याचा लाकडी नंदी तीन वर्षांत शंभरदा पडला, एक शिंग गेलं, बाकी शाबूत. "नंदीसारखं विमान पाह्यजे," ती म्हणाली. बायकांचं शास्त्र!
देवाजीने मान डोलावली. "पोराले शिकाचं आहे. पंख वर असले तर ते आपसूक सरळ राह्यते. पंखा मागं असला तर नाक आपटलं तरी तुटत नाही. अन् तुटलं तर चिकटवता आलं पाह्यजे." मी म्हटलं, तू ट्रान्झिस्टर चिकटव. राग आवरला. फक्त कॅटलॉग फेकला, तोही माणसावर नाही, जात्यावर.
सगळ्यांनी मिळून पिवळं ठरवलं.

६ ऑगस्ट
मस्कतला पत्र लिहायचं काम माझ्याकडे. इंग्रजी पत्ता गल्लीत दुसऱ्या कोणाला धड लिहिता येत नाही. मारोतरावांनी सांगितलं, लिही, एक नंबर.
मी लिहिलं तीन.
यात फसवणूक काही नाही. जाणकाराने अजाण लोकांचं भलं केलं, एवढंच. विमान आकाशात गेल्यावर सगळे माझे आभार मानतील. पत्र टाकलं. पेटीत हात घालून परत काढता येतं का पाहिलं, केवळ कुतूहल म्हणून. येत नाही.

१६ ऑगस्ट
पहाटे पाचला उठलो! (पाणी प्यायला.)
गोपिकाला विमानविद्या शिकवली. लिफ्ट, ड्रॅग, सगळं. तिने मधे एकदाच विचारलं, "तू कधी उडवलं काय रे?" मी म्हटलं, तत्त्व महत्त्वाचं. ती सुपाकडे पाहून हसली. फार गोड हसते.
देवाजी आला. ती आत. आता पातेलं आपटल्याचा आवाजही आला. किती तो तिटकारा.

२७ ऑगस्ट, गुरुवार
भैयाजी आले. खोकं उघडलं. लाल! नानू किंचाळला. 
मारोतराव म्हणाले, "पिवळं सांगतलं होतं ना गा?" भैयाजींनी खिशातून माझं पत्र काढलं. "हे पाहा, तीन लिवलं. दुकानदार मले म्हणे, लहान लेकरासाठी हे नका नेऊ. पण मी म्हटलं, नागपुरात कोणी एक्स्पर्ट आहे."
एक्स्पर्ट. मस्कतपर्यंत नाव गेलं.
मी समजावून सांगितलं की तांत्रिक कारणाने शेवटच्या क्षणी बदल करावा लागला. मारोतराव उठून मागावर बसले. पटलं असणार. गोपिका दाराआडून एवढंच म्हणाली, "बरं. मग उडवून दाखव." काय विश्वास आहे! देवाजी म्हणाला, नानूच्या हाती देण्याआधी एकट्याने जाऊन चार दिवस सराव कर. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

२९ ऑगस्ट, पोळा
सराव केला नाही. मोठ्या बैलांचा पोळा पाहायला सगळं गाव मैदानावर, अशा वेळी एकटा माणूस रिमोट घेऊन कुठे जाणार. मारोतरावांपुढे म्हणायची वाक्यं मात्र आरशासमोर दाढी करताना पाठ केली. मिशी थोडी कापली गेली.

३० ऑगस्ट, रविवार, तान्हा पोळा
सकाळी आठ. आज संध्याकाळी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून मैदानावर ओढत नेणार. त्याआधी बेसा गावाकडच्या पडीक जमिनीवर उड्डाण. तिथून परतताना मागणी. नवा शर्ट.

दुपारी दोन
विमान उडालं. हे कोणी नाकारू शकत नाही. देवाजी अकरा सेकंद म्हणतो. मला तरी पंधरा वाटली.
जाताना ठीक ऐकत होतं. मग वळून आमच्याकडे यायला लागलं आणि एकदम उलटं वागू लागलं. मी डावीकडे दाबलं की उजवीकडे. देवाजी ओरडत होता, "तुह्याकडे तोंड आहे त्याचं, उलटं दाब, उलटं!" अशा वेळी कोणी ओरडतं का? मी चिडलो, जोरात डावीकडे दाबलं. विमान मारोतरावांचं पागोटं घेऊन बाभळीत गेलं.
दोन्ही पंख गेले. नाक गेलं. पंखा तर सापडलाच नाही.
नानू रडला नाही. मला ते रडण्याहून वाईट वाटलं. तो चाकं मोजत होता. तिन्ही शाबूत.
मारोतराव बोडक्या डोक्याने उभे. माझी वाक्यं तयार होती. पहिलं होतं, "काका, आज आनंदाच्या दिवशी." म्हटलं नाही.
परत येताना गोपिका माझ्या सायकलजवळून चालली आणि हळूच म्हणाली, "लेकराचं होतं रे ते. तुह्यं नोहतं."
याचं उत्तर विचार करून देईन.

संध्याकाळी सात
देवाजीने मागाच्या खळीने विमानाचं धड चिकटवलं, वरून सूत गुंडाळलं. पंख नाहीत, पण तीन चाकांवर गडगडत चालतं. नानूने एका शिंगाचा नंदी त्याला जुंपला आणि मैदानावर ओढत नेलं. नंदीने विमान ओढलेलं पाहून सगळी पोरं मागे. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा गिलास. ओट्यावरून तो आतापर्यंत चारदा पडलाय.
विमान शेवटी मीच निवडलेलं. हे कोणी बोललं नाही.

२ सप्टेंबर, बुधवार
मारोतरावांनी बोलावणं धाडलं. नवा शर्ट घालून गेलो. वाटलं, मागणी आता तिकडूनच येतेय.
म्हणाले, "रिकामा बसतं म्हणून डोकं तापते तुह्यं. रहाटावर कांड्या भर." आमच्याकडे हे काम म्हाताऱ्या नाहीतर पोरं करतात. पण घरात पाय रोवायला मिळतोय. बसलो. मागाला लागणारं सूत गुंडाळायचं, एवढंच. तीनदा तुटलं. सूत निकृष्ट आहे.
सगळं सूत गर्द लाल. घरात काम करणाऱ्या भीमाबाईंना विचारलं, एवढं लाल कशाला? त्या म्हणाल्या, "गोपिकाचं लगनाचं लुगडं होय ना बापा. मार्गशीर्षात आहे." कोणाशी ते मी विचारणार होतो.
तेवढ्यात देवाजी दारात आला. समोर तांदूळ निवडत बसलेली गोपिका पदर सावरत उठली आणि झटकन आत गेली. आत पातेलं पडलं. भीमाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.
माझ्यासमोरून ती एकदाही अशी उठून आत गेली नाही.
सूत परत तुटलं. देवाजीने वाकून जोडून दिलं.